बाहेर तोंड केलेल्या चपला

थायलंडच्या एका जुन्या राजधानीत नदीकाठी विटांचं एक बुद्धमंदिर आहे. तिथे पायरीवरच्या आपल्या चपला कोणी स्वतः फिरवत नाही. आधी निघणाऱ्याने मागे राहिलेल्यांच्या चपलांची तोंडं बाहेरच्या बाजूला करायची, अशी तिथली रीत.

म्हातारा वाटाड्या प्रासित त्या रीतीमागची कथा इंग्रजीत सांगत होता आणि सहलीचे प्रमुख पेठे घड्याळाकडे बघत मराठीत. बाकीची मंडळी तापलेल्या पायरीवर अनवाणी नाचत होती. विजयाताई हिर्लेकर मात्र शांत उभ्या होत्या. चैत्रात यजमान गेल्यापासून त्यांना कशाचंच काही वाटेनासं झालं होतं. लोक खंबीर म्हणत. आत नुसती बधिरता होती, दात काढताना हिरडीला येते तशी. सहल यजमानांनीच ठरवलेली, म्हणून त्या आल्या होत्या.

फार पूर्वी शत्रूने शहर पेटवलं, असं सांगतात. चान नावाचा वीटभट्टीवाला आत अडकलेल्यांना काढायला मंदिरात धावला. आग भडकलेली, तरी जन्माची सवय सुटली नाही म्हणे. चपला पायरीवर काढूनच आत गेला. माणसं बाहेर आली आणि छप्पर कोसळलं. चपला तेवढ्या राहिल्या, दाराकडे तोंड करून.

त्याची बायको नुआन त्या चपलांशेजारी येऊन बसली. रडली नाही, बोलली नाही. बहीण भात आणून ठेवी, तो तसाच वाळे. कोणी चपला घरी ने म्हणालं तर ती नुसती बघत राही. मग एका सकाळी तिचं लक्ष गेलं.

"आत तोंड करून ठेवल्यात," ती म्हणाली. "निघायचं कसं त्यांनी?"

तिने चपला फिरवल्या. हात सुटताच तिला रडू कोसळलं, आणि पोटभर रडून ती घरी गेली.

कथा संपली तशी मंडळी दर्शन उरकून बसकडे निघाली. विजयाताई आतच रेंगाळल्या. इस्लामपूरच्या घरी दाराशी यजमानांच्या चपला होत्या, शेवटच्या संध्याकाळी काढल्या तशाच, घराकडे तोंड करून. त्यांना हात लावायची कोणाची छाती झाली नव्हती. कामवाली बाईही त्यांच्या भोवतीने झाडू मारी.

बाहेर येऊन बघतात तो त्यांच्या स्वतःच्या चपला कोणीतरी फिरवून ठेवलेल्या. पायरीवर बसून त्यांनी मुलाला, सलीलला, फोन लावला.

"बाबांच्या चपला दारात आहेत ना, त्यांची तोंडं बाहेर कर."

उचलून आत ठेवू का, असं त्याने चाचरत विचारलं.

"नको. नुसत्या फिरव. निघू दे त्यांना."

पलीकडे दार उघडल्याचा आवाज आला. मग सलील म्हणाला, फिरवल्या.

विजयाताई उठल्या, आणि तळपायाला असा चटका बसला की डोळ्यांत पाणीच आलं. ते लवकर थांबेना. पेठे बसच्या दारातून हाक मारत होते. जाताना विजयाताईंनी वाकून शेजारच्या अनोळखी चपलांची तोंडं बाहेर केली.

आजही त्या पायरीवर कोणी आपल्या चपला आपण फिरवत नाही. मागे राहिलेल्यांच्या चपला आधी निघणारा फिरवून जातो.