जाळपट्टा आणि पाच गावे

पुष्कळ काळ लोटला त्याला. एका मोठ्या डोंगराच्या पायथ्याशी पाच गावे होती. प्रत्येक गावाची सभा वेगळी, पाटील वेगळा, ग्रामदैवतही वेगळे. एकमेकांशी त्यांचे फारसे पटत नसे. पण वणवा शीव पाहून थांबत नाही, हे पाचही गावे सोसून शिकली होती.

म्हणून जुन्या जाणत्यांनी एकत्र बसून डोंगरावर सर्वांचे मिळून एक ठाणे उभारले. डोंगराच्या कमरेभोवती रुंद पट्टा खरवडून काढायचा, त्यावर गवताची काडी राहू द्यायची नाही, म्हणजे वरच्या रानातली आग तिथवर येऊन विझते. या जाळपट्ट्याची राखण ठाण्यातल्या गड्यांनी करायची आणि त्यांच्या पोटाला पाचही गावांनी सुगीतून धान्य द्यायचे, असे ठरले.

आणखी एक गोष्ट ठरली. दरवर्षी प्रत्येक सभेने आपले एक माणूस वर पाठवायचे. त्याने पट्टा पायांनी फिरून पाहायचा, परत येऊन सभेला सांगायचे, आणि मगच सभेने धान्याला होकार द्यायचा.

पहिली कित्येक वर्षे हे नीट चालले. वणवे आले आणि पट्ट्यापाशी विझले. मग आगीची भीती हळूहळू कमी झाली, आणि भीतीबरोबर पायांची सवयही गेली.

ठाण्याचा मुख्य नागोजी हा गोड बोलणारा, कष्टाळू माणूस होता. तो चोर नव्हता, हे आधीच सांगतो. धान्याचा दाणाही त्याने घरी नेला नाही. पण पाच गावांचे ठाणे पाच गावांना शोभेल असे असावे, असे त्याला मनापासून वाटे. त्याने पाहुण्यांसाठी ऐसपैस ओसरी बांधली. पाच गावांची पाच निशाणे लावली. नगारखान्याचा पाया घातला.

पाहणीला माणसे आली की नागोजी त्यांना ओसरीवर बसवी, गूळपाणी देई, पुरणाचे जेवण घाली आणि पट्ट्याची हकीकत तिथेच सांगे. माणसे तृप्त होऊन खाली उतरत आणि आपापल्या सभेत सांगत, की सगळे ठीक आहे. बाकीच्या चार गावांची माणसे पाहतातच आहेत, मग आपण उन्हात कशाला वणवण करायची, असे प्रत्येकाला वाटे.

एका वर्षी किन्हळे गावाच्या सभेने भिवरा नावाच्या बाईला पाठवले. नवऱ्यामागे तिने एकटीने शेत राखले होते. सभेत ती भीडभाड न ठेवता बोले, म्हणून तिची निवड झाली.

भिवरा ओसरीवर बसली नाही. आधी पट्टा पाहते, मग जेवते, असे तिने सांगितले. नागोजीने उन्हाचे निमित्त काढले, बाकी गावांची माणसे कालच समाधानाने गेल्याचेही सांगितले. पण ती निघालीच.

ओढ्याच्या अंगाला गेल्यावर तिचे पाय थबकले. पट्ट्यावर गुडघाभर वाळके गवत उभे होते. करवंदीच्या जाळ्या दोन्ही बाजूंनी पुढे सरकून एकमेकींना भिडल्या होत्या. पट्टा कुठे सुरू होतो आणि रान कुठे संपते, ते कळत नव्हते. परतताना तिने गडी पाहिले. ते नगारखान्याचे दगड वाहत होते.

तिने नागोजीला विचारले. त्याने लपवले नाही.

"भिवराताई, तुम्ही पाहिलंत ते खरं आहे," तो म्हणाला. "बांधकाम लांबलं, गडी तिकडे अडकले. होळी झाली की पट्टा काढायला घेतो. पण सभेत हे बोललात तर तुमचं गाव धान्य अडवेल. एकानं अडवलं की दुसरं अडवेल. पाच गावं कशीबशी एकत्र आली आहेत. ती फुटली तर ठाणंच राहायचं नाही. मग पट्टा कोण काढणार?"

डोंगर उतरताना भिवरा त्याच बोलण्याचा विचार करत होती, आणि प्रत्येक वळणावर ते तिला अधिक पटत गेले.

सभा भरली. सुगी चांगली झाली होती, लोक खुशीत होते. पाटलांनी विचारले, तेव्हा ती उठून म्हणाली, "पट्टा पाहिला. काम चालू आहे."

यात खोटे असे काही नव्हते. कोणते काम, कुठवर आले, हे कोणी विचारले नाही. धान्याला होकार मिळाला आणि सभा उठली.

नागोजीने शब्द पाळला. होळी होताच गडी पट्ट्यावर गेले. पण कित्येक वर्षांचे रान काही दिवसांत निघत नाही. ओढ्याची बाजू शेवटी राहिली होती, आणि चैत्रात वणवा आला तो त्याच बाजूने.

वाळक्या गवतावरून आग पट्टा ओलांडून खाली उतरली. तिथे शेजारच्या टाकवडे गावची वरची वाडी होती. माणसे लेकरे घेऊन पळाली. इठोबा नावाचा म्हातारा गुराखी मात्र दावी सोडायला मागे फिरला. गुरे खाली आली. इठोबा आला नाही. नागोजी ओल्या फांद्या घेऊन आगीत शिरला होता. त्याचे दोन्ही हात कायमचे अधू झाले.

मग पाचही गावांच्या सभा एकत्र बसल्या. नागोजीला हाकलून द्या, असे पुष्कळांचे म्हणणे पडले. पाहणीला गेलेल्या माणसांना एकेक करून विचारले, तर प्रत्येकाने तेच सांगितले: आम्हाला वाटले, दुसऱ्यांनी पाहिले असेल.

शेवटी भिवरा उठली.

"नागोजींनी माझ्यापासून काही लपवलं नाही," ती म्हणाली. "मी पट्टा डोळ्यांनी पाहिला होता. पाहून सांगितलं नाही."

इठोबाची बायको कडेला बसली होती. तिने भिवरेकडे पाहून विचारले, का सांगितले नाही. तिच्या आवाजात राग नव्हता.

"पाच गावं फुटतील म्हणून."

"आमचं गाव त्या पाचांतच होतं ना, बाई?" ती म्हणाली.

भिवरा उभी होती ती तशीच खाली बसली.

पुढे ठाणे मोडले नाही. धान्यही कोणी अडवले नाही. नगारखाना अर्धा राहिला, तो राहिलाच. प्रत्येक गावाचे माणूस पुन्हा पट्टा फिरून पाहू लागले आणि जे दिसेल ते सभेत सांगू लागले. काही वेळा त्यावरून वाद झाले, गावे रुसली, आणि पुन्हा एकत्र आली. खरे सांगितल्याने गावे फुटतील ही भीती फुकाची होती, हे तेव्हा सगळ्यांना कळले.

पण वरच्या वाडीत पुन्हा कोणी राहायला गेले नाही. भिवरा मात्र म्हातारपणीही दर उन्हाळ्यात काठी टेकत पट्ट्यावर जाई. लोक तिच्या दक्षतेचे कौतुक करत, तेव्हा ती मान खाली घालून पुढे चालू लागे.

सर्वांच्या कामात आपला वाटा दिला म्हणून आपण सुटत नाही. त्या वाट्याचे काय झाले ते पाहणे, आणि पाहिलेले वेळेवर बोलणे, हाही आपलाच वाटा असतो.