पाठीवरचा निळा पंजा

"आईबापांनी बडवून काढलेली पोर दिसते गं. पाठीवर पंजा उमटलाय, निळाजर्द!"

एका राज्यात सेनापतीच्या घरी नवी सून आली होती. तिचं नाव कुंदा. सासूबाई नणंदेच्या कानी लागल्या होत्या, ते कुंदानं पडद्याआडून ऐकलं. खिडकीतल्या पोपटानंही ऐकलं. त्या राज्यात पोपट खोटं बोलत नसत. पण ऐकलेलं खरं की खोटं, तेही पाहत नसत. तो थेट दरबारात गेला आणि ऐकलेलं जसंच्या तसं सांगून आला.

कुंदाचे आईबाप नदीकाठचे रंगारी. दिवस मावळायच्या आत शिपायांनी त्यांना धरलं. पोरांना मारणाऱ्यांना देतात तसा दरबारच्या मांत्रिकानं रीतीप्रमाणे शाप दिला आणि दोघांच्या जिभा दगडाच्या झाल्या. कुंदाच्या धाकट्या बहिणीला, चिमीला, काचेच्या मनोऱ्यात नेलं. पौर्णिमेपर्यंत निवाडा फिरला नाही, तर ती आईबापांना कायमची विसरणार होती.

कुंदा शरमेनं चूर झाली. रंगाऱ्यांच्या घरी पाचवीला आई निळीत हात बुडवून बाळाच्या पाठीवर ठेवते. बाळासोबत तो ठसाही वाढत जातो. पण सेनापतीच्या घरात रंगाऱ्याची चाल सांगायला तिची जीभ रेटली नव्हती. सासूबाईंनी विचारलंही नव्हतं म्हणा. कुजबुजण्यातच त्यांचा वेळ गेला.

दरबाराच्या दाराशी एक म्हातारी घुबडीण बसे. सगळा कायदा तिला तोंडपाठ. कुंदानं तिला गाठलं.

"आजी, यावर उपाय काय?"

"तीन मागण्या, बाई. आरोप करणाऱ्याला समोर आणा. त्रयस्थ वैद्याकडून तपासा. जिला मारलं म्हणता, तिचा जबाब घ्या. पण मागायला बोलती जीभ हवी."

कुंदानं तिन्ही मागितल्या.

पोपटानं सासूबाईंचं नाव घेतलं. राजानं त्यांना विचारलं, "मारताना पाहिलंत?"

"नाही, महाराज. पंजा पाहिला."

मग परगावची वैद्यीण आली. पडद्याआड तिनं पाठ दाबून पाहिली. "दुखत नाही. माराचा वळ पिवळा पडून जातो. हा तान्हेपणापासूनचा आहे."

राहिला जबाब. भरल्या दरबारात कुंदाला मान वर करवेना.

"महाराज, तो माझ्या आईचा आशीर्वाद आहे. रंगाऱ्याची लेक म्हणवून घ्यायला मी लाजले. शिक्षा आईबापांना झाली."

राजानं निवाडा फिरवला. दगडाच्या जिभा मऊ झाल्या. काचेचा मनोरा विरघळला. चिमी धावत येऊन बापाला बिलगली. आईनं पहिला शब्द उच्चारला तो असा: "कुंदे, जेवलीस का गं?"

कुंदाला ते सगळ्यात जड गेलं.

सासूबाई हळूच म्हणाल्या, "झालं ना सगळं? चल घरी. लोक बघताहेत."

"बघू देत, सासूबाई," कुंदा म्हणाली. "माझ्या आईबापांनी मला कधी मारलं नाही, एवढं या लोकांसमोर मोठ्यानं म्हणा. मग येते."