गाठी मारलेलं गवत

बाळांनो, ज्याला सुंदर घर विणता येतं, त्याला हिशेबही ठेवता येतो, असं तुम्हाला वाटतं का?

फार पूर्वी एका रानात एक सुगरण पक्षी होता. दाणे घेऊन तो इतर पाखरांना घरटी विणून देई. कमाईचा पाचवा हिस्सा प्रत्येकाने दुष्काळाच्या कोठारात भरावा, असा रानाचा नियम होता. कामासाठी झालेला खर्च त्यातून वजा होई, पण तो दाखवावा लागे.

मुंगी त्याला म्हणाली, "दादा, चोचभर दाणे द्या, तुमचा हिशेब मी ठेवते."

"अगं, तू दिसतेस तरी का कुणाला!" तो हसला. "मी गवताच्या पात्याला खर्चाची एकेक गाठ मारतो. झालं की!"

हिस्सा भरायची वेळ आली, तेव्हा एकही पातं सापडेना. घाईच्या दिवसांत गवत कमी पडलं म्हणून त्याने ती पातीच मुनिया पक्षिणीच्या घरट्यात विणून टाकली होती. पूर्ण हिस्सा भरला तर पावसाळाभर पुरतील एवढे दाणे त्याच्याकडे उरणार नव्हते. तो तिथे गेला आणि एक पातं ओढू लागला. घरटं हललं. आतली पिल्लं ओरडली.

"सुगरणदादा," मुनिया हळूच म्हणाली, "आम्ही सगळे दाणे दिले होते ना? मग घर का उसवता?"

त्याच्या चोचीतून पातं सुटलं. शरमेने त्याला मान वर करवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने काहीही वजा न करता पूर्ण हिस्सा भरला, आणि तिथून तो सरळ मुंगीच्या वारुळाकडे गेला.