ओढ्यापलीकडची शिंदी

फार मागची गोष्ट. विहिरीवरच्या बाभळीला सुगरणींची घरटी होती. त्यातल्या रिकाम्या घरट्यांत मुनिया राहायला आल्या, तशी एका सुगरणीला धास्ती बसली.

"अगं, त्याच जास्त झाल्या आता. उद्या माझं पोर त्यांच्यासारखं बोलायला लागेल!"

शेजारीण हसली. "बोलू दे की बाई. तुझं तरी कुठं ऐकतंय!"

सुगरण पिल्लाला घेऊन ओढ्यापलीकडच्या एकट्या शिंदीवर राहायला गेली. तिथे दिवसभर नुसता वारा.

आठव्या दिवशी पिल्लू बाभळीकडे तोंड करून मुनियांसारखं ओरडलं. पलीकडून दहा जणींनी लगेच ओ दिली. पिल्लू झावळीवर नाचलं.

त्याला दटावायला सुगरणीने चोच उघडली आणि तशीच मिटली. मग पिल्लू पुन्हा कधी ओरडतंय, याची वाट बघत बसली.