राहीच्या नावानं बोंब

तळ्याचा बांध कुणी फोडला, हे गावातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं आणि नाव एकानंही घेतलं नाही. आजही घेत नाहीत. न घेवोत, पण निदान माना तरी खाली घालाव्यात की नाही?

फार जुनी गोष्ट, आंबेतळ्याची. तळ्याचा कारभारी वारला आणि त्याचं पागोटं खुंटीवर लटकत राहिलं. ते ज्याच्या डोक्यावर, त्याच्या हाती साऱ्या गावाचं पाणी. बाजीला ते हवं होतं, रखमाजीलाही हवं होतं. गाव मधोमध चिरलं. अशातच बांधाला भगदाड पडलं. ‘त्यांनी फोडला, त्यांनीच बुजवावा,’ असं नाव न घेता दोन्हीकडची माणसं म्हणत बसली आणि तळं रोज खाली जात राहिलं.

पागोटं द्यायचा मान कारभाऱ्याच्या बायकोचा, म्हाळसाकाकूचा. तिला घास गिळवेना. चुकीच्या डोक्यावर ठेवलं, तर अर्धं गाव तहानेनं उठून जाणार. शेवटी होळी पेटली तेव्हा ती म्हणाली, “ज्याला पागोटं हवं, त्यानं इथं उभं राहावं. गाव त्याच्या नावानं बोंबलेल. शिमग्याचं बोलणं कुणी मनावर घ्यायचं नाही.”

बाजी उभा राहिला. अर्धं गाव बोंबललं, अर्धं गप्प. रखमाजी उभा राहिला. गप्प होते ते बोंबलले, बोंबलले होते ते गप्प. पागोटं म्हाळसाकाकूच्या हातातच राहिलं.

एवढ्यात खांद्यावर फावडं टाकून राही पाटकरीण आली. पाटाचं पाणी शेताशेतात फिरवायचं काम तिचं.

“आली बघा पाणीचोर!” कुणीतरी ओरडलं.

“माझा वाफा अर्धा कोरडा ठेवला हिनं!”

“सगळं पाणी बाजीच्या माणसांना देते!”

“आम्हाला? रखमाजीच्याच शेताकडं वळवते, मेली!”

“आणि सख्ख्या भावालाही सोडत नाही,” राहीचा भाऊ म्हणाला.

मग साऱ्या गावानं तोंडावर पालथा हात मारला. असं म्हणतात, ती बोंब डोंगरावर आपटून परत आली आणि तळ्यातले मासे काठावर उडाले.

म्हाळसाकाकू मात्र हसत होती. नवरा गेल्यापासून पहिल्यांदाच. “हिनं सगळ्यांना सारखंच रडवलंय,” ती म्हणाली आणि पागोटं राहीच्या डोक्यावर ठेवलं.

“काकू, मला कशाला गं?” राही म्हणाली. “मला तो बांध बुजवायचाय.”

असं म्हणतात, दुसऱ्या दिवशी गावात एकाच्याही गळ्याला आवाज उरला नव्हता. भांडायचं कशानं? मुकाट्यानं सगळे बांधावर गेले, आणि दिवस मावळायच्या आत भगदाड बुजलं. त्या रात्री म्हाळसाकाकू पोटभर जेवली.

आंबेतळ्यात आजही नवा कारभारी असाच ठरतो. त्याला होळीपुढं उभं करतात, ‘राहीच्या नावानं’ म्हणतात आणि मग त्याच्या नावानं बोंब ठोकतात. एकही घर गप्प राहिलं, तर निवड रद्द. आपला माणूस म्हणून गप्प बसणाऱ्यांचा तिथं भरवसा धरत नाहीत.

गेल्या शिमग्याला मंजुळा नावाची सून उभी होती. सारं गाव बोंबललं, फक्त तिची सासू गप्प. सगळे म्हातारीकडं बघायला लागले.

“अरे, थांबा की जरा,” म्हातारी म्हणाली. “कुठून सुरुवात करू, तेच कळेना झालंय.”