सरळ टाके

गावात वीज यायच्या कितीतरी आधीची गोष्ट. भिकोबा शिंप्याकडे शिवणाचं मशीन येणार म्हटल्यावर सुईच्या जिवाला चैन पडेना.

कात्री म्हणे, "ते म्हणे शिंप्याच्या मनातलं ओळखतं!"

टेप म्हणे, "आपण सगळे आता भंगारात!"

मशीन आलं. त्यानं बारशाचं झबलं एका दमात शिवलं. सगळे टाक्यांकडे बघतच राहिले. पण बारशाच्या दिवशी बाळाचं डोकं झबल्यात जाईना. मशीननं गळाही शिवून टाकला होता!

झबलं धावतपळत दुकानात आलं. सुई गळा उसवू लागली.

मशीननं बिचकत विचारलं, "सुईताई, टाके तर सरळ होते ना?"

"अगदी सरळ," सुई म्हणाली. "म्हणून तर गळा बघायचं कुणाला सुचलं नाही. मलासुद्धा."