चोचीत मासा आणि चोचीनेच माप

एका जंगलात बांबूच्या बेटाला लागून एक तळे होते, आणि त्या तळ्याच्या मातीच्या कड्यात बीळ खणून एक खंड्या राहत असे. मुलांनो, खंड्या तुम्ही पाहिला असेल. पाठीवर निळा अंगरखा, गळ्याशी पांढरा रुमाल आणि अंगाच्या मानाने भलतीच मोठी लालभडक चोच. आमचा हा खंड्या डोक्याने तापट होता, पण मनाने सरळ. पाण्यावर वाकलेल्या करंजाच्या फांदीवर तो गप्प बसे. मासा दिसला की खाली सूर मारी, मासा चोचीत आडवा धरून वर येई, फांदीवर आपटून त्याला गार करी आणि थेट बिळात नेई. बिळात त्याची बायको होती आणि पिल्ले होती. पिल्ले कसली, नुसत्या उघड्या चोची.

आदल्या उन्हाळ्यात या तळ्यावर वाईट वेळ आली होती. बगळ्याने, पाणकावळ्याने आणि खुद्द आपल्या खंड्यानेही माशांची बारीक बारीक पिल्लेसुद्धा गट्ट केली होती. मग मोठे व्हायला मासेच उरले नाहीत आणि सगळ्यांवर उपाशी बसायची पाळी आली. तेव्हा सगळ्या शिकाऱ्यांनी मिळून हत्तीला तळ्याचा कारभारी नेमले. हत्ती गवत खाणारा, तो माशांपायी कुणाची बाजू घेणार नाही, असा त्यांचा विचार. विचार चांगला होता. हत्तीने जन्मात एकही मासा धरलेला नाही, ही गोष्ट मात्र कुणाच्या डोक्यात आली नाही.

हत्ती भला प्राणी होता आणि कामाला वाहून घेणारा होता. त्याने खूप विचार करून पहिला नियम केला आणि टिटवीने तो तळ्याभोवती ओरडून सांगितला. "आपल्या चोचीहून आखूड मासा कुणी खायचा नाही हो!"

दुसऱ्याच दिवशी बगळा तक्रार घेऊन आला. "कारभारी, माझ्या चोचीएवढा मासा या तळ्यात असता, तर त्यानेच मला खाल्लं असतं." हत्तीला कुणाचे मन मोडवत नसे. त्याने सांगितले, की बगळ्याने खंड्याच्या चोचीने माप घ्यावे. झाले, बगळा दिवसभर खंड्याच्या मागे. "खंड्याभाऊ, जरा चोच देता का?" खंड्याने वैतागून तक्रार केली, तेव्हा तो नियम बदलला. मग पाणकावळा रुसला, म्हणून पुन्हा बदलला; चोचीने मोजणे मात्र कायम राहिले. पाण्यावर आपली सावली पडत असेल तर सूर मारायचा नाही, असे ठरले. ढग आले असतील तर मारावा, पण वारा बांबूकडून येत असेल तर ढग आले असे समजू नये, असेही ठरले. एकदा सुटलेला मासा पुन्हा धरायचा नाही, हे त्याला जोडले गेले. रोज पहाटे टिटवी नवे काहीतरी ओरडे आणि रोज दुपारपर्यंत ते जुने होई. शिकाऱ्यांच्या अगदी नाकी नऊ आले.

एके सकाळी खंड्याने झकास मासा धरला. चांदीसारखा चकाकणारा, पिल्लांना पुरून उरेल असा. फांदीवर बसतो न बसतो तोच खालून टिटवीने विचारले, "मोजला का?"

आता बघा गंमत. मासा मोजायचा चोचीने, आणि मासा होता चोचीत. खंड्याने मान वाकडी केली, डोळे तिरळे केले, माशाचे शेपूट एका डोळ्याने आणि डोके दुसऱ्या डोळ्याने पाहिले. काही केल्या माप जमेना. शेवटी मासा चोचीशेजारी सरळ धरावा म्हणून त्याने चोच जराशी उघडली, आणि मासा डुबुक करून पाण्यात गेला.

"सुटलेला परत धरायचा नाही हं," टिटवी म्हणाली. तिला वाईट वाटत होते, पण काम ते काम.

खंड्या रिकाम्या चोचीने बिळाशी गेला. बायकोने आधी त्याच्याकडे पाहिले, मग त्याच्या चोचीकडे. "अहो, कालही तुम्ही मोजतच होतात," ती हळूच म्हणाली. "धाकटं आज चोचसुद्धा उघडत नाही."

भुकेने ओरडणारे पिल्लू खंड्याला रोजचे होते. गप्प बसलेले पिल्लू त्याने कधी पाहिले नव्हते.

बाहेर काठावर बगळा एका पायावर ऐसपैस उभा होता. त्याचे पोट चांगले तट्ट भरलेले दिसत होते. "भाऊ, तुम्ही फार मनाला लावून घेता," तो म्हणाला. "टिटवी अंड्यांवर बसायला गेली, की मी दिसेल ते गिळतो. लहान काय नि मोठं काय. इतके नियम कुणाच्या लक्षात राहतात? पकडलंच कुणी, तर म्हणायचं, हा आजचा नियम होय, मला वाटलं कालचाच चालू आहे."

खंड्याला मोह झाला नाही असे नाही. तो फांदीवर गेला, पलीकडे कमळांच्या आसपास माशांची पिल्ले झुंडीने फिरत होती, तीही पाहिली. पण त्याला आदला उन्हाळा आठवला. ते रिकामे, हिरवे पाणी आठवले. "अशानं पुढच्या वर्षी काय खायचं?" असे स्वतःशीच पुटपुटत तो उडाला, तो तडक हत्तीकडेच गेला.

हत्ती गवताळ माळावर उभा राहून नवीन नियमाचा विचार करत होता. खंड्याने मनात साठलेले सगळे एका दमात ओकले. हत्तीने शांतपणे ऐकून घेतले आणि कान हलवले. "अरे खंड्या, नियम पाळायला अवघड नसतो. पाळायचं मनात नसतं, एवढंच."

खंड्याच्या डोक्यात सणक गेली. पण तो उलट बोलणार तोच त्याचे लक्ष हत्तीच्या सोंडेकडे गेले, सोंडेतल्या गवताच्या पेंडीकडे गेले, आणि त्याचा राग कुठल्या कुठे पळाला. "मग कारभारी," तो अगदी गोड आवाजात म्हणाला, "आजचा दिवस तुम्हीच पाळून दाखवा ना. मासा म्हणजे तुमचं गवत आणि चोच म्हणजे तुमची सोंड. बाकी सगळं जसंच्या तसं."

"आनंदाने," हत्ती म्हणाला. त्याला यात काहीच कठीण दिसले नाही.

टिटवीला बोलावले गेले. हत्तीने सोंडेने गवताची पेंडी उपटली. टिटवीने विचारले, "मोजली का?"

हत्तीने सोंड वर केली, पेंडीही वर गेली. सोंड खाली केली, पेंडीही खाली आली. त्याने सोंडेकडे पाहायला डोळे खाली वळवले, तेव्हा ते खंड्याच्या मघाच्या डोळ्यांसारखेच तिरळे दिसू लागले. शेवटी त्याने पेंडी जमिनीवर ठेवली आणि सोंड तिच्याशेजारी लांब केली.

"खाली ठेवली म्हणजे सुटली," टिटवी म्हणाली. "परत धरायची नाही."

हत्तीने दुसरीकडचे गवत धरायला पाऊल टाकले. "सावली पडलीय," टिटवी म्हणाली. हत्ती वळला, सावलीही वळली. हत्ती सरकला, सावलीही सरकली. एवढ्या मोठ्या देहाची सावली, ती जाणार कुठे? इतक्यात ढग आले आणि हत्तीचा चेहरा खुलला. "वारा बांबूकडचा आहे," टिटवी म्हणाली. "ढग धरायचे नाहीत."

ऊन चढले. माळावर हिरवेगार गवत डुलत होते आणि त्याच्या मधोमध हत्ती उपाशी उभा होता. त्याच्या पोटातून असा गुडगुडाट येऊ लागला, की तळ्यावरचा बगळा पाऊस येणार म्हणून आभाळाकडे पाहू लागला. अखेर हत्ती काकुळतीला आला. "टिटवीबाई, वाऱ्याचं ते मी बदललं होतं ना?"

"बदललं होतंत," टिटवी म्हणाली. "मग परत बदललंत. आता नक्की काय चालू आहे, ते तुम्हीच सांगा. मला तर आठवेना."

हत्तीने आठवून पाहिले. त्यालाही आठवेना. तो खंड्याकडे वळून लहान मुलासारखा म्हणाला, "खंड्या, मला फार भूक लागली आहे रे."

"धाकट्यालाही लागली आहे, कारभारी," खंड्या म्हणाला.

हत्तीने मान खाली घातली. मग त्याला स्वतःच्या तिरळ्या डोळ्यांची आणि सावलीपासून पळण्याची आठवण झाली, आणि तो हसू लागला. आधी नुसते पोट हलले, मग कान, आणि मग सगळा माळ दणाणला. खंड्या हसला, टिटवी हसली. हसून झाल्यावर हत्तीने विचारले, "तर मग नियम नकोच म्हणतोस?"

"नियम हवाच," खंड्या म्हणाला. "आदला उन्हाळा मी विसरलेलो नाही. पण सूर मारायच्या आधी कळेल असा नियम द्या. मासा चोचीत आल्यावर कळून काय उपयोग? माशांची पिल्लं कमळांच्या आसपास राहतात, मोठे मासे मोकळ्या पाण्यात फिरतात. कमळांत कुणी चोच घालायची नाही, एवढंच ठेवा. फांदीवर बसल्या बसल्या मला ते दिसतं. बगळ्याला दिसतं, पाणकावळ्याला दिसतं, आणि कुणी चुकला तर तोही सगळ्यांना दिसतो."

हत्तीला ते पटले. त्याने जुने सगळे नियम मोडीत काढले आणि टिटवी तळ्याभोवती एकच वाक्य ओरडत फिरली. इतक्या दिवसांत तिचा घसा पहिल्यांदाच बसला नाही.

खंड्याने करंजाच्या फांदीवरून मोकळ्या पाण्यात सूर मारला आणि पहिला मासा धाकट्याच्या पुढ्यात धरला. पिल्लाने एक डोळा उघडला, मग चोच उघडली, आणि मासा पोटात जाताच ते असे किंचाळले, की त्याच्या आईला हसावे की रडावे ते कळेना. तिकडे बगळा सवयीने कमळांत शिरला होता. पाहतो तो काठावरचे सगळे त्याच्याकडेच बघत होते. "मी आपला फुलं बघत होतो," असे म्हणत तो लगबगीने मोकळ्या पाण्यात आला. पुढच्या उन्हाळ्यात तळे माशांनी गजबजले होते.

हत्ती अजूनही कारभारी आहे. अधूनमधून त्याला नवीन नियम करायची हुक्की येते. तेव्हा तो आधी माळावर जातो, गवताची पेंडी सोंडेत धरतो, आपला नियम तिला लावून पाहतो, आणि बहुतेक वेळा काही न बोलता ती पेंडी खाऊन टाकतो.

तात्पर्य : नियम पाळणाऱ्याला सहज कळावा आणि करणाऱ्याने तो आधी स्वतः पाळून पाहावा, नाहीतर सरळ माणूस उपाशी राहतो आणि लबाडाचे फावते.